कोण सुटलं? खानदेशात सर्वेक्षण करताना नमुना निवड आणि प्रश्नावली

माझ्या पहिल्या सर्वेक्षणाचे साठ फॉर्म मी दोन दिवसांत भरले होते. अमळनेर तालुक्यातलं एक गाव, विषय शेतकरी कुटुंबांवरचं कर्ज. पारावर बसलो, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारली, चहा झाला, फॉर्म झाले. घरी येऊन तक्ता मांडला तेव्हा साठांत भूमिहीन चार निघाले आणि बाया तीन. गावाच्या कडेला भिलाटी, म्हणजे भिलांची वस्ती होती, तिथला एकही माणूस त्यात नव्हता. ज्यांच्याविषयी मला जाणून घ्यायचं होतं ते त्या वेळी कुणाच्या तरी वावरात निंदणी करत होते. तरी प्रबंधात मी ‘यादृच्छिक नमुना पद्धत वापरली’ असं लिहिलं आणि ते कुणी अडवलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक टप्प्यावर मी एकच प्रश्न विचारतो: यात कोण सुटलं? एम.ए., एम.एस.डब्ल्यू. किंवा पीएच.डी.साठी, एखाद्या संस्थेसाठी, नाहीतर आपल्याच गावाच्या कामासाठी सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण शेवटपर्यंत तेच ठेवतो: जळगाव जिल्ह्यात कापूस पिकवणाऱ्या आणि त्या कापसावर राबणाऱ्या कुटुंबांचं कर्ज.

आधी समष्टी ठरवा, कागदावर

ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा ते सगळे म्हणजे समष्टी. ‘खानदेशातले शेतकरी’ ही समष्टी होत नाही. जळगावचे 15, धुळ्याचे 4 आणि नंदुरबारचे 6 असे 25 तालुके घेतले, तर त्यात रावेर-यावलची केळी येते, पारोळ्याचा कोरडवाहू कापूस येतो आणि अक्राणीच्या डोंगरातला भगरीचा तुकडाही येतो. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे 69 टक्के आहे, जळगावात सुमारे 14. या दोन्हींची सरासरी काढली तर ती दोन्ही ठिकाणी लागू पडत नाही.

म्हणून एका वाक्यात लिहा: कोण, कुठे, केव्हा. ‘जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा आणि चोपडा तालुक्यांतल्या ग्रामीण भागात राहणारी, गेल्या आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) या आखाजीपर्यंत कापसाच्या लागवडीतून किंवा कापसावरच्या मजुरीतून उत्पन्न मिळवलेली कुटुंबं.’ लांब वाटतं, पण दारात उभं राहिल्यावर ‘हे घर घ्यायचं की नाही’ याचं उत्तर याच वाक्यातून मिळतं. ‘कुटुंब’ म्हणजे काय हेही आताच ठरवा. एका छताखाली दोन भाऊ राहतात आणि चुली दोन आहेत. माझा नियम एका चुलीला एक कुटुंब असा आहे.

यादी कुणाची घेता, त्यावर सगळं ठरतं

ज्या यादीतून नावं उचलायची तिला नमुना चौकट म्हणतात. विद्यार्थी हमखास तलाठ्याकडे जाऊन 8-अ मागतात. त्यात जमीनमालक असतात. भूमिहीन, बटाईने कसणारे आणि वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार त्यात येत नाहीत. नवऱ्याच्या नावावरचं शेत स्वतः कसणाऱ्या बाईचंही नाव त्यात नसतं. कर्जाच्या अभ्यासाला ही यादी घेतली, तर ज्याला सोसायटी कर्ज देते तोच तुम्हाला भेटेल.

मतदार यादीत अठरा वर्षांवरचे सगळे असायला हवेत, पण सुरतेला स्थायिक झालेल्यांची नावं गावात तशीच असतात आणि नव्याने आलेल्या सुना पुष्कळदा माहेरच्या यादीत असतात. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये घरांची कर आकारणी असते, पण अतिक्रमणातली झोपडी तिथे असेलच असं नाही. माझ्या अनुभवात अंगणवाडी सेविकेची किंवा आशाताईची कुटुंब नोंदवही सगळ्यांत कामाची, कारण त्या घरोघर फिरून लिहितात आणि भिलाटीही त्यात असते. तीसुद्धा डोळे झाकून घेऊ नका. कोतवालाला किंवा गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन गाव पायी फिरा, कच्चा नकाशा काढा, यादीत नसलेली घरं जोडा. पाचशे घरांच्या गावाला दोघांचा एक दिवस लागतो. हा दिवस वाचवू नका.

नमुना मोठा असला की यादीचा दोष झाकला जातो, असा समज आहे. 1936 साली अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीसाठी सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. 20 लाखांहून जास्त भरून परत आल्या आणि रूझवेल्ट यांच्या विरोधातले उमेदवार लँडन जिंकणार असं त्यांनी छापलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोन आणि मोटारीच्या याद्यांमधून घेतले होते, आणि मंदीच्या काळात टेलिफोन, मोटार कुणाकडे असणार? शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्या मतांत फरक होता. मतचाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी सुमारे 50 हजारांच्या नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला. आज व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म फिरवून ‘ग्रामीण महिलांचा अभ्यास’ केला जातो, त्यात हीच चूक आहे.

निवडीच्या पद्धती, कामापुरत्या

साध्या यादृच्छिक पद्धतीत यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी असते. चिठ्ठ्या टाका, यादृच्छिक अंकांची सारणी वापरा किंवा एक्सेलमधून अंक काढा. ‘यादृच्छिक’ म्हणजे ‘सहज कुणीही’ नव्हे. कोण निवडला जाणार हे तुमच्या हातात नसणं, हा त्याचा अर्थ आहे.

ही कल्पना आपल्या शिवारात फार जुनी आहे. गावचं सरासरी उत्पन्न ठरवायला पीक कापणी प्रयोगाची शेतं निवडतात ती याच तत्त्वावर. 1940 च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत या पद्धतीचा पाया ज्यांनी घातला, ते डॉ. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. रस्त्याकडेचं चांगलं शेत पाहून कापणी केली तर विम्याचा हिशेब कसा चुकतो, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. घराच्या निवडीतही तेच घडतं.

पद्धतशीर निवडीत यादीतून ठरावीक अंतराने घर घेतात. 480 घरांतून 24 हवीत तर अंतर 20. पहिला अंक 1 ते 20 मधून चिठ्ठीने काढा. 7 निघाला तर 7, 27, 47 असं पुढे. यादीला स्वतःची लय असेल तर मात्र घोटाळा होतो. कॉलनीत दर दहावं घर कोपऱ्यावरचं आणि मोठं असेल, तर तुमच्या हाती एकतर बंगलेच लागतील, नाहीतर एकही लागणार नाही.

स्तरित पद्धतीत आधी गट पाडतात आणि मग प्रत्येक गटातून निवडतात. गट पाडताना ज्या गोष्टीने उत्तर बदलेल ती धरा. कर्जाच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे पाणी. चोपड्यात तापीकाठचं बागायत, सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे आणि पारोळ्याचं कोरडवाहू, असे तीन स्तर मी करीन. गावातही जमीनधारक आणि भूमिहीन वेगळे ठेवा.

इथे एक चूक फार होते. तुलना करायची म्हणून दोन्ही गटांतून सारखी कुटुंबं घेतात, ते ठीक, पण पुढे एकत्रित टक्केवारी काढताना भार लावत नाहीत. समजा पायथ्याला 2,000 कुटुंबं आहेत आणि नदीकाठी 8,000. दोन्हीकडून 100-100 घेतली. सावकाराकडून पैसे आणणारे पायथ्याला 60 टक्के आणि नदीकाठी 30 टक्के निघाले. सरळ सरासरी 45 येते. पण पायथ्याचं प्रत्येक घर 20 घरांच्या वतीने बोलतंय आणि नदीकाठचं 80 घरांच्या. भार लावला की उत्तर 36 टक्के येतं.

अख्ख्या तालुक्याची घरनिहाय यादी मिळत नाही तेव्हा समूह पद्धत वापरतात: आधी गावं निवडा, मग त्या गावांतली घरं. चिठ्ठीने गावं काढली तर 100 घरांच्या गावाला आणि 900 घरांच्या गावाला सारखीच संधी मिळते. म्हणून आकाराच्या प्रमाणात निवड करा. समजा पाच गावांत 120, 480, 900, 300 आणि 200 घरं आहेत, एकूण 2,000. दोन गावं हवीत, म्हणजे अंतर 1,000. संचयी बेरीज करा: 120, 600, 1,500, 1,800, 2,000. चिठ्ठीने 1 ते 1,000 मधला अंक काढा, समजा 357. तो दुसऱ्या गावात पडतो. पुढचा 1,357 तिसऱ्या गावात. आता दोन्ही गावांतून 10-10 घरं घ्या. लहान गाव असो की मोठं, प्रत्येक घराची संधी शंभरात एक अशी सारखी राहते. कागदावर एकदा करून पाहा, मगच पुढे वाचा.

सातपुड्यात महसुली गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेले पाडे. गावाच्या मध्यावर पेन्सिल फिरवून ज्या दिशेला टोक जाईल तिकडे चालायचं, ही पद्धत तिथे वापरू नका. मधलं घर म्हणजे शाळेजवळचं, सडकेजवळचं घर. पाड्यांची यादी करा आणि पाडा हाच समूह धरा.

सोद्देश (हेतूने निवडलेला), कोटा (गटागटाची संख्या ठरवून भरलेला), स्नोबॉल (एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा) आणि सोयीचा (हाताशी मिळेल त्यांचा) नमुना, यांत कुणाची निवड होण्याची संधी किती हे सांगता येत नाही, म्हणून त्यांच्यावरून ‘जिल्ह्यातल्या 40 टक्के कुटुंबांना’ असं लिहिता येत नाही. पण या पद्धती हलक्या नाहीत. कर्जाने जमीन गेलेली कुटुंबं शोधायची तर एकाकडून दुसऱ्याचा माग काढत जाणंच बरोबर. जे केलं त्याचं खरं नाव लिहा, एवढंच.

किती जणांना विचारायचं?

‘समष्टीच्या दहा टक्के’ या नियमाला आधार नाही. 95 टक्के विश्वासपातळी (असे शंभर नमुने घेतले तर सुमारे 95 वेळा उत्तर मर्यादेत बसेल) आणि 5 टक्के चुकीची मर्यादा (खरा आकडा पाच टक्के इकडे-तिकडे) धरली तर मोठ्या समष्टीसाठी साध्या यादृच्छिक नमुन्यात 384 लागतात, मग समष्टी एक लाखाची असो की एक कोटीची. समष्टी लहान असेल तर आकडा उतरतो. सूत्र असं: 384 भागिले (1 अधिक 383 भागिले समष्टी). 1,000 कुटुंबं असतील तर 278, 200 असतील तर 132. म्हणजे दोनशेच्या पाड्यात दहा टक्के म्हणून वीस घेणं फार अपुरं आहे.

समूह पद्धतीत आकडा वाढवावा लागतो, कारण एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात: तीच सोसायटी, तेच कृषी केंद्र, तोच पाऊस. वाढीचा गुणक म्हणजे 1 अधिक (एका गावातली घरं वजा 1) गुणिले साम्य. साम्य म्हणजे गावातली घरं एकमेकांसारखी किती, याचा 0 ते 1 मधला आकडा. तो 0.05 धरला आणि गावातून 20 घरं घेतली तर गुणक 1.95, म्हणजे सुमारे 749 घरं लागतात. गावातून 10 च घेतली तर 1.45, म्हणजे 557. जास्त गावं आणि प्रत्येक गावात कमी घरं, हे गणिताने बरं. पण एसटीने फिरणाऱ्या विद्यार्थ्याला गाव वाढवणं महागात पडतं. तेव्हा वेळ आणि पैसे मोजा, जमेल तेवढं घ्या आणि मर्यादा किती आली ते लिहा.

घरातलं कोण?

घर निवडलं म्हणजे काम झालं नाही. दार उघडणाऱ्याला विचारलं तर सकाळी आजोबा आणि दुपारी शाळकरी पोरगी भेटेल. ‘ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला तो’ हा पुस्तकी उपाय आपल्याकडे चालत नाही. गावातल्या निम्म्या वडीलधाऱ्यांची जन्मतारीख 1 जून असते, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती तशी मांडली. म्हणून घरातल्या प्रौढांची वयाच्या क्रमाने यादी करा आणि लेस्ली किश यांनी 1949 मध्ये मांडलेल्या तक्त्याने किंवा सरळ चिठ्ठीने एक निवडा. निवड सुनेची झाली असेल तर सासऱ्याशी बोलून येऊ नका.

कुलूप असेल तर शेजारचं घर घेऊ नका. कुलूप असण्याला कारण असतं आणि बहुधा तेच तुमच्या अभ्यासाचं कारण असतं. अक्राणी-अक्कलकुव्यातून ऊसतोडीला गुजरातकडे गेलेली कुटुंबं दिवाळीनंतर जातात आणि होळीला येतात. जानेवारीत गेलात तर पाड्यावर म्हातारी माणसं आणि कुलपं. मग ‘स्थलांतराचं प्रमाण कमी आहे’ असा निष्कर्ष निघतो. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, आणि न मिळालेल्या प्रत्येक घराचं कारण वहीत लिहा.

सणांचाही हिशेब ठेवा. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, तेव्हा कुटुंबातली माणसं मोजली तर लेकी दोन घरांत मोजल्या जातात. श्रावणात कानबाईच्या सणाला सुरत-पुण्याची मंडळी गावी असते. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी आठनंतर भेटणार नाही. भुसावळच्या मे महिन्यात तुम्हीच दुपारी फिरू शकणार नाही.

प्रश्न: शब्द तुमचा की त्यांचा?

उत्तर देणारा स्वतः लिहितो ती प्रश्नावली, आणि विचारणारा भरतो ती मुलाखत अनुसूची. गावात तुम्हाला बहुधा दुसरीच लागेल, म्हणून प्रत्येक प्रश्न बोलून पाहा. वाचताना चांगला वाटणारा प्रश्न बोलताना अडखळतो.

माझ्या पहिल्या अनुसूचीत प्रश्न होता: ‘आपल्यावर कर्ज आहे का?’ साठातल्या बहुतेकांनी सोसायटीचं किंवा बँकेचं तेवढं सांगितलं. कृषी केंद्राच्या उधारीला, व्यापाऱ्याकडच्या उचलीला आणि मेहुण्याकडून आणलेल्या हातउसन्यांना ते कर्ज म्हणतच नव्हते. खोटं कुणीच बोललं नाही. माझा शब्दच अपुरा होता. पुढे मी असं विचारायला लागलो: ‘गेल्या आखाजीपासून बियाणं, खत, दवाखाना, लग्न, शाळा यांसाठी पैसे कुठून-कुठून आणले, भाऊ?’ आणि मग एकेक नाव घेतो: सोसायटी, बँक, बचत गट, फायनान्सवाले, कृषी केंद्राची उधारी, व्यापाऱ्याची उचल, सोनं गहाण, पाहुणेरावळे, आणि शेवटी ‘व्याजाने कुणाकडून’. ‘सावकार’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही, तरी माहिती येते.

आखाजी मुद्दाम धरली आहे. सालदाराचं साल तिथून सुरू होतं, त्यामुळे हिशेबाची ती गाठ डोक्यात पक्की असते. ‘गेले आर्थिक वर्ष’ म्हटलं तर कुणी दिवाळीपासून धरतो, कुणी पेरणीपासून. पोळा, दसरा, होळी या खुणांवर आठवण चांगली टिकते.

मापांचंही तसंच. जमीन बिघ्यात सांगतील, उताऱ्यावर हेक्टर-आर असेल. सांगितलं तसं लिहा, एकक शेजारी लिहा, रूपांतर घरी करा. केळीवाल्याला एकर विचारलं तर तो ‘पाच हजार खोडं’ म्हणेल. त्याच्यासाठी तेच क्षेत्र आहे. लागवडीचं अंतर विचारून घ्या. पाच बाय पाच फुटांवर एकरी सुमारे 1,740 खोडं बसतात, म्हणजे पाच हजार खोडं म्हणजे तीन एकराला थोडं कमी.

‘तुम्ही काम करता का?’ असं बाईला विचारलं की ती म्हणते, ‘नाही दादा, घरीच असते.’ हेच बोलताना तिच्या ओटीत वेचलेला कापूस असतो. त्याऐवजी ‘ताई, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं?’ असं विचारा आणि दिवस लिहून घ्या. ‘मुलं किती?’ याचं उत्तर पुष्कळदा फक्त मुलग्यांचं येतं. आंडोर (मुलगे) किती, आंडेर (मुली) किती, असं वेगळं विचारा.

बोलीबद्दल आग्रहाने सांगतो. जळगाव-धुळ्याच्या बऱ्याच भागात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, डोंगरात भिली, पावरी, मावची. प्रमाण मराठीतला प्रश्न दारात प्रत्येक जण आपल्या मनाने फिरवतो आणि पाच जणांचे पाच वेगळे प्रश्न होतात. आधीच बोलीत लिहून घ्या. मग मूळ मराठी प्रश्न न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून तो तर्जुमा उलट मराठीत करून घ्या आणि जिथे अर्थ सरकला तिथे थांबा. डोंगरात त्याच भाषेतली मुलगी किंवा मुलगा विचारायला असलाच पाहिजे. दुभाष्या म्हणून सरपंचाला बसवू नका.

एका प्रश्नात दोन प्रश्न नकोत: ‘सोसायटीचं कर्ज वेळेवर आणि पुरेसं मिळतं का?’ यात ‘वेळेवर मिळतं पण पुरत नाही’ म्हणणाऱ्याने काय सांगावं? ‘कर्जमाफीने शेतकऱ्याला दिलासा मिळाला, असं तुम्हाला वाटतं ना?’ यातला ‘ना’ उत्तर घेऊनच येतो.

मत मोजायची पाच पायऱ्यांची मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये मांडली. ‘पूर्णतः सहमत, अंशतः सहमत’ हे शब्द गावात बोलून पाहा, समोरचा गप्प होतो. मी वडीलधाऱ्यांना आण्यांत विचारतो. पिकाची आणेवारी त्यांच्या जिभेवर असते. ‘आबा, ही गोष्ट सोळा आणे पटते, बारा आणे, आठ, चार, की अजिबात नाही?’ उत्तर लगेच येतं. तरुणांना आणे कळत नाहीत, त्यांच्यासमोर दहा शेंगदाणे ठेवा आणि किती उचलाल ते विचारा. मात्र एका सर्वेक्षणात एकच पट्टी ठेवा, नाहीतर उत्तरं जुळवता येणार नाहीत.

क्रमात घर, शेती, पीक हे आधी. पैसा आणि कर्ज शेवटच्या एक-तृतीयांशात, आणि शेवटचा प्रश्न हलका. ‘माहीत नाही’, ‘सांगायचं नाही’ आणि ‘लागू नाही’ यांना वेगळे संकेत द्या. 99 हा संकेत वयाला किंवा रकमेला देऊ नका, विश्लेषणात 99 वर्षांचे आजोबा निघतात. चाळीस मिनिटांपेक्षा लांब अनुसूची मी करत नाही. प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणत्या तक्त्यात जाणार ते लिहा. तक्ता सुचत नसेल तर प्रश्न काढा.

पूर्वचाचणी आणि दार

नमुन्यात नसलेल्या गावात वीस-तीस फॉर्म भरा. त्यातल्या आठ-दहा जणांना प्रत्येक कठीण प्रश्नानंतर विचारा, ‘मी काय विचारलं असं वाटलं तुम्हाला?’ सगळ्यात जास्त दुरुस्त्या इथे मिळतात. एकाच प्रश्नावर तीनदा ‘काय म्हटलं?’ ऐकू आलं तर तो प्रश्न पुन्हा लिहा. मोबाइलवर भरायचं असेल तर कोबो किंवा ओडीके ही फॉर्म भरायची ॲप इंटरनेटशिवाय चालतात, अक्राणीतल्या धडगावकडे त्याची गरज पडते.

दारात गेल्यावर आधी सांगा: मी कोण, कशासाठी आलो, किती वेळ लागेल, नाव कुठे छापणार नाही, आणि यातून योजना किंवा माफी मिळणार नाही. हे शेवटचं वाक्य गिळू नका. कर्ज विचारायला आलेला माणूस म्हणजे काहीतरी मिळणार, ही आशा घराला लागते आणि मग आकडाही फुगतो. आधार क्रमांक मागू नका. नकार आला तर ‘राम राम माय’ म्हणून उठा, आणि नकार वहीत लिहा.

गर्दी जमतेच. कर्जाचे प्रश्न आले की सर्वेक्षणातल्या आपल्या सोबत्याला शेजाऱ्यांना बोलत-बोलत बाहेर न्यायला सांगा. नाही जमलं तर तो भाग राहू द्या, संध्याकाळी परत या. रोज रात्री फॉर्म वाचा, दर दहातलं एक घर दुसऱ्याने जाऊन पुन्हा पडताळा. आणि वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने ठेवा: यादीत नव्हते, घरी नव्हते, बोलले नाहीत. अहवालातला पहिला तक्ता याच पानावरून तयार करा.